लेझी आयसाठी काय खायला द्यावं? लवकर सांगा

ठकूची_आई: मुलीला डाव्या डोळ्याचा लेझी आय निघालाय, म्हणजे त्या डोळ्याची नजर मंद राहिलीय. महिनाभर रोज गाजराचा रस देतेय, भिजवलेले बदाम पण. फरक शून्य, उलट नाक आणि तळहात पिवळे दिसायला लागलेत. अजून काय देऊ? शनिवारी पुन्हा दाखवायचंय.

शेवगाप्रेमी: गाजर सोडा, शेवग्याचा पाला द्या. लसूण घालून परतायचा, वर तूप. तूप-तेल काही नसेल तर अ जीवनसत्त्व नीट अंगी लागत नाही.

चष्मिस: वय? नंबर? चष्मा, चांगला डोळा झाकायची पट्टी, काही दिलंय का?

ठकूची_आई: सहा पूर्ण. उजवा +१, डावा +४.५. चष्मा आहेच हो, शाळेत चिडवतात म्हणून घरीच लावते. पट्टी दोन तास सांगितलीय, पण ती फटीतून बघते. मी आहाराचं विचारलंय!

चष्मिस: मग गाजर बिचारं काय करणार? डाव्या डोळ्याकडून धूसर चित्र जातं, म्हणून मेंदू त्याच्याकडे लक्षच देत नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, तो आजारच वेगळा. चष्मा दिवसभर हवा. पिवळेपणा बहुतेक रसाचा, बंद केलात की हळूहळू जाईल. डोळ्यांतलं पांढरंही पिवळं असेल तर मात्र शनिवारची वाट बघू नका.

अण्णा_६२: त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मी दोन वर्षं धूत होतो.

चष्मिस: अण्णा, आणि तरी ऑपरेशन करावंच लागलं ना? लहान मुलीच्या डोळ्यात कृपया काही घालायला सांगू नका.

अण्णा_६२: आमच्या वेळी सहा वर्षांच्या पोरांना चष्मे नव्हते.

चष्मिस: तपासत कोण होतं?

भाच्याची_मावशी: पट्टी चष्म्याच्या काचेवर लावताय का? आमचा भाचाही वरून बघायचा. चांगल्या डोळ्यावर, कातडीलाच चिकटवायची, चष्मा तिच्यावरून. कार्टून फक्त पट्टी असताना, असा नियम केला. पहिला आठवडा नुसता तमाशा, मग स्वतःच पट्टी मागायला लागला. अजिबातच जमलं नाही तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालतात, त्याने तो डोळा धूसर होतो, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

ठकूची_आई: काचेवरच लावत होते. कुणी सांगितलंच नाही. शाळेत बाईंशी बोलते चष्म्याचं. पांढरं पांढरंच आहे, आत्ताच बघितलं. पण मग दोन किलो गाजरं आणून ठेवलीत त्यांचं काय?

शेवगाप्रेमी: लाल आहेत की केशरी? हलव्याला लालच बरी.