पहिली एमटीबी (माउंटन बाइक), ३० हजारांत: २९ इंची, डिस्क, २१ गियर… नेमकं बघायचं काय?

शाहूपुरीकर

मंडळी, मुक्काम सातारा. उंची १६८ सेंमी, वजन ७४ किलो. रोज ऑफिसला जाऊन-येऊन ६ किमी डांबरी रस्ता. रविवारी यवतेश्वर घाटाने कासच्या दिशेला, आणि अधूनमधून मुरमाच्या, दगडगोट्यांच्या वाटा. उड्या वगैरे मारायच्या नाहीत. हेल्मेट-पंप धरून ३० हजारांच्या वर जाता येणार नाही.

दुकानात तीन सायकली दाखवल्या:

१) १६ हजार. पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप, २६ इंची चाकं, २१ गियर, डिस्क ब्रेक.
२) २१ हजार. अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, २७.५ इंची, फक्त पुढे शॉकअप, २१ गियर, केबलवाले डिस्क ब्रेक.
३) २६ हजार. अ‍ॅल्युमिनियम, २९ इंची, पुढे शॉकअप, १६ गियर, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक.

दुकानदार म्हणतो, पहिलीत गियर जास्त, शॉकअप जास्त आणि पैसे कमी. मग तिसरी कशाला? मला त्याला उत्तर देता आलं नाही.

---

छर्रे_आणि_ग्रीस

पहिली यादीतून काढून टाका. मागचा शॉकअप नीट काम करायला हवा तर त्यात ऑइल डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणारं तेल) लागतं आणि फ्रेमच्या सांध्यांत बेअरिंग लागतात. १६ हजारांत मिळते ती नुसती स्प्रिंग, आणि सांध्यात प्लास्टिकचे बुश. चढावर तुम्ही पायडल दाबलं की ती स्प्रिंग दबते, म्हणजे तुमची ताकद चाकापर्यंत जायच्या आधीच तिथे जिरते. वर्षभरात बुश झिजतात आणि मागचं चाक डावी-उजवीकडे हलायला लागतं. वजन १८ किलोच्या आसपास. हीच गोष्ट ४ इंची टायरच्या स्वस्त फॅट बाइकची. दिसते रुबाबदार, घाटात ढकलावी लागते.

आता दुसरी आणि तिसरी. किती गियर हे विचारू नका. मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) दातेरी चक्रांचा गठ्ठा फ्रीव्हील प्रकारचा आहे की कॅसेट, एवढं विचारा. जाहिरातीत हे कधी लिहिलेलं नसतं आणि सायकलचं आयुष्य बरंचसं यावरच ठरतं.

फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसवलेलं असतं. त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे (बेअरिंग) फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहतात, आणि अ‍ॅक्सलचा (म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा) तीनेक सेंटीमीटरचा तुकडा आधाराशिवाय बाहेर येतो. डांबरावर काही होत नाही. ७४ किलोचा माणूस दगडांवरून उतरायला लागला की तो अ‍ॅक्सल वाकतो, कधी तुटतोही. चाक डुगडुगतं, लोक स्पोक घट्ट करत बसतात, आणि दोष असतो अ‍ॅक्सलचा. कॅसेटच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग पार फ्रेमजवळ सरकलेलं असतं, म्हणून अ‍ॅक्सलला दोन्ही टोकांना आधार मिळतो.

दुकानात ओळखायचं कसं: मागची दातेरी चक्रं हाताने उलटी फिरवा आणि मधल्या, पाना बसायच्या खाचांकडे बघा. खाचांची रिंग चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट; ती जागेवर राहिली आणि चक्रं तिच्याभोवती फिरली तर फ्रीव्हील. शिवाय सर्वांत लहान चक्राचे दात मोजा. १४ असतील तर बहुतेक फ्रीव्हील, ११ किंवा १२ असतील तर बहुतेक कॅसेट. "८ स्पीड (मागे ८ चक्रं) म्हणजे कॅसेटच" असं मात्र धरून चालू नका, ८ स्पीडची फ्रीव्हील्सही मिळतात.

आणि दुकानदाराकडे हे कोड मागा: मागच्या डिरेलरचं, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचं, नाव (शिमानो कंपनीत चढता क्रम टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओर), ब्रेकचं नाव, फोर्कचं (पुढच्या शॉकअपचं) नाव. फक्त डिरेलर वरच्या दर्जाचा आणि बाकी सगळं बिननावाचं, ही जुनी युक्ती आहे. गिऱ्हाईक डिरेलर बघतं, हब कोणी बघत नाही.

---

घाटमाथा

गियरचा हिशोब आकड्यात मांडतो, कारण यवतेश्वरचा चढ गावातूनच सुरू होतो आणि पाय गरम व्हायच्या आत अंगावर येतो.

दुसऱ्या सायकलला मागे १४-२८ (सर्वांत लहान चक्राला १४, मोठ्याला २८ दात) आणि पुढे लहान चक्र २४ दातांचं असेल असं धरू (या किमतीत बहुधा तेच असतं). २४ भागिले २८ म्हणजे ०.८६. २७.५ इंची चाकाचा घेर सुमारे २.१९ मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल १.८८ मीटर पुढे जाणार. मिनिटाला ६० फेरे, हा चढावरचा आधीच संथ वेग, ठेवले तरी ताशी ६.८ किमी. तुम्ही आणि सायकल मिळून ९० किलो धरले तर १२ टक्के चढावर नुसतं गुरुत्वाकर्षणाशी झगडायला साधारण २०० वॅट लागतात. नवख्या माणसाला हे दोन-तीन मिनिटांपलीकडे झेपत नाही. मग फेरे ४० वर येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर.

मागे ३४ दात असतील तर तेच गणित एका फेऱ्याला १.५५ मीटर आणि सुमारे १६४ वॅटवर येतं. फरक इथे आहे. २१ आणि १६ मध्ये नाही. २१ पैकी निम्मे गियर तसेही एकमेकांवर चढलेले असतात.

तर दोन आकडे लिहून आणा: पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात. पहिला दुसऱ्यापेक्षा निदान साधारण एक चतुर्थांशाने कमी हवा. पुढे एकच चक्र असलेल्या स्वस्त सायकलींपासून सांभाळा. पुढे ३२ आणि मागे ११-४२ असेल तर ठीक. पुढे ३६ आणि मागे १४-२८ असेल तर ती घाटासाठी नाहीच, मग स्टिकरवर काहीही छापलेलं असो.

---

तालुक्याचा_मेकॅनिक

वरच्या दोघांशी बरंचसं सहमत, पण एक बाजू राहिली. ७ स्पीडचं फ्रीव्हील आणि त्याची चेन कुठल्याही तालुक्याच्या गावात शेल्फवर असते. बदलायला एक काढणी आणि मोठा पाना पुरतो. कॅसेटला लॉकरिंगची (कॅसेट आवळणाऱ्या रिंगची) वेगळी काढणी आणि चेन-व्हिप (चक्रं धरून ठेवायचं हत्यार) लागतो, तो प्रत्येक दुकानात असेलच असं नाही. शिवाय १४-२८ काढून १४-३४ चं ७ स्पीड फ्रीव्हील बसवलं की घाटमाथांचा प्रश्न थोड्या पैशांत सुटतो. दोनच गोष्टी बघायच्या: डिरेलर ३४ दात पेलणारा हवा आणि चेन काही कड्या लांब घ्यावी लागेल. त्या फ्रीव्हीलमध्ये २४ वरून एकदम ३४ वर उडी असते, लय तुटते, पण चढ चढला जातो.

म्हणजे रोज डांबर आणि रविवारी घाट एवढंच असेल तर दुसरी सायकल वाईट नाही. दगडांच्या वाटा वाढणार असतील तर अ‍ॅक्सलबद्दल छर्रेंनी लिहिलंय ते खरं आहे.

ब्रेकबद्दल. केबलच्या स्वस्त डिस्कमध्ये एकच पॅड सरकतो आणि रोटरला (चाकावरच्या डिस्कला) दुसऱ्या पॅडवर ढकलतो. आतला पॅड झिजला की कॅलिपरच्या (पॅड बसतात त्या भागाच्या) आतल्या बाजूची फिरकी थोडी थोडी फिरवून तो जवळ आणावा लागतो. हे कुणी सांगत नाही, मग लोक नुसती केबल ताणत राहतात, आणि ब्रेक लागायच्या आत लिव्हर हॅण्डलला टेकतो. हायड्रॉलिकमध्ये दोन्ही पॅड आपोआप सारखे जवळ येतात आणि लांब उतारावर बोटं आखडत नाहीत. घाट उतरायचा असेल तर शॉकअपपेक्षा ब्रेकवर पैसे घाला.

हायड्रॉलिक घेतलात तर चाक काढलेलं असताना लिव्हर दाबायचा नाही. पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. मध्ये जाड पुठ्ठा सरकवून ठेवा. शिमानो आणि टेक्ट्रो कंपन्यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल चालतं, डॉट फ्लुइड (गाड्यांचं ब्रेक ऑइल) चुकूनही घालू देऊ नका, सील फुगतात. आणि कुठल्याही डिस्कवर स्प्रे किंवा चेनचं तेल उडालं तर पॅड गेलेच समजा. चेनला तेल स्प्रेने नाही, बाटलीने, एकेका कडीवर थेंबाने.

---

शाहूपुरीकर

कोड घेऊन आलो. दुसरी: मागे १४-२८, फ्रीव्हील (खाचा जागेवर राहिल्या), पुढे ४२-३४-२४, फोर्क सनटूर एम३०३०. तिसरी: मागे ११-३४, ८ स्पीड, कॅसेट, पुढे ३६-२२, ब्रेक शिमानो एमटी२००, फोर्क सनटूर एक्ससीएम. साइज एस आणि एम दोन्ही आहेत. दुकानदार २९ साठी एमच घ्या म्हणतो.

---

घाटमाथा

२२ भागिले ३४ म्हणजे ०.६५. २९ इंची चाक मोठं असूनही एका फेऱ्याला जेमतेम १.४९ मीटर. घाटाचा प्रश्न मिटला. तिसरी.

---

छर्रे_आणि_ग्रीस

तिसरी. फोर्क दोन्हींचे स्प्रिंगवालेच, पण एक्ससीएमच्या नळ्या जाड, त्यामुळे ब्रेक लावल्यावर पुढचं चाक कमी वळवळतं. "१०० मिमी ट्रॅव्हल" (शॉकअप दबण्याचं अंतर) वाचून हुरळून जाऊ नका. स्प्रिंग तुमच्या वजनाला जुळवता येत नाही, आणि डॅम्पिंग नावापुरतं. वरची फिरकी फिरवून फक्त सुरुवातीचा ताण बदलतो. खड्डे गिळायचं निम्मं काम टायर करतात, म्हणून हवा नीट ठेवा. ७४ किलोला २.२ इंची टायर, आत ट्यूब: मुरमावर पुढे २६ ते २८, मागे ३० ते ३२ पीएसआय. ऑफिसला जाताना ४०. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल हवा भरली तर दगडावर सायकल उसळते. २२ च्या खाली गेलात तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. तशी दोन भोकं दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. बाकी बाभळीचे काटे आहेतच. ट्यूबमध्ये प्रत्येकी १२० मिली सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) घाला, त्यासाठी व्हॉल्व्हची आतली पिन निघणारी हवी.

साइज दुकानदाराच्या सोयीने ठरवू नका. बूट घालून टॉप ट्यूबच्या (फ्रेमच्या वरच्या नळीच्या) दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. नळी आणि जांघेच्या मध्ये निदान ५ सेंमी मोकळी जागा हवी. मग सीट अशी लावा की टाच पायडलवर, पायडल सगळ्यात खाली, आणि गुडघा सरळ. त्या उंचीवर हॅण्डल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. १६८ ला बहुतेक कंपन्यांचा एम बसतो, पण तुम्ही सीमेवर आहात. एममध्ये हात ताणले जात असतील तर २० मिमी आखूड स्टेम (हॅण्डल धरणारा तुकडा) बसवून मागा. जागाच कमी पडत असेल तर एस. स्टेमने ती वाढत नाही.

---

तालुक्याचा_मेकॅनिक

पैशांचा मेळ: सायकल २६ म्हणजे हातात ४ हजार. हेल्मेट, उभा पंप, दोन ट्यूब, पॅच, दोन प्लास्टिक टायर लिव्हर, मल्टी-टूल, मागचा लाल दिवा. कुलूप साधं घ्या. बेल, बाटली-स्टँड, साइड स्टँड दुकानदाराकडून फुकट मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. त्याआधी छापलेला किमतीचा स्टिकर असेल तर तिथून बोलणी सुरू करा.

ताब्यात घेताना समोर उभं राहून हे करून घ्या. दोन्ही चाकं उचलून फिरवा. रिम फ्रेमच्या एका खुणेपासून २ मिमीपेक्षा जास्त डावी-उजवी जात असेल तर आऊट काढायला (चाक सरळ करायला) लावा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हॅण्डलखाली टकटक जाणवली तर हेडसेट (हॅण्डल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) सैल आहे. आधी वरचा बोल्ट, मग स्टेमचे बाजूचे बोल्ट, हाच क्रम. उलट केलं तर काहीच घट्ट होत नाही. डाव्या पायडलच्या आट्या उलट्या असतात. घाईत उजवं पायडल डावीकडे दाबून फिरवलं की अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकच्या (पायडल बसतं त्या दांड्याच्या) आट्या कायमच्या जातात आणि ते नंतर गिऱ्हाइकाच्या माथी मारलं जातं. क्रँक चौकोनी खुंटीवर असेल तर त्याचा बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटरने घट्ट हवा. तो सैल ठेवून शंभर किलोमीटर चालवलंत तर चौकोनी भोक गोल होतं, मग क्रँकच बदलावा लागतो.

ब्रेक पहिल्याच दिवशी घाटात नेऊ नका. सपाट रस्त्यावर २० च्या वेगाने जाऊन चाक न अडवता जवळजवळ थांबेपर्यंत दाबायचं, आधी पुढचा, मग मागचा, वीस-वीस वेळा. पॅडचा थर रोटरवर चढला की धार येते. एमटी२०० बरोबर येणाऱ्या रोटरवर "रेझिन पॅड ओन्ली" कोरलेलं असतं. तिथे मेटल पॅड घातले तर रोटर खाल्ला जाईल. पावसाळ्यात कासच्या लाल चिखलात रेझिन पॅड भराभर झिजतात, एक जोड घरात ठेवा.

---

शाहूपुरीकर

एम चालवून बघितली, स्टेम बदलून देतो म्हणाला. पहिली सर्व्हिसिंग एक महिन्याने फुकट आहे. तोपर्यंत घरी काय करायचं?

---

छर्रे_आणि_ग्रीस

महिन्याची वाट नको, १०० ते १५० किलोमीटर झाले की न्या. नव्या चाकाचे स्पोक तोवर बसतात आणि सैल पडतात. तेव्हाच ताण दिला तर चाक वर्षानुवर्षं टिकतं. गियरच्या केबलही ताणतात. खटखट सुरू झाली तर शिफ्टरजवळची (गियर बदलायच्या खटक्याजवळची) फिरकी अर्धा-अर्धा फेरा फिरवा. डिरेलरचे दोन छोटे स्क्रू मात्र फिरवू नका, ते चेन किती दूर जाऊ शकते त्याची हद्द ठरवतात. आतली हद्द चुकली तर चेन स्पोकमध्ये जाते.

चेन दर आठवड्याला फडक्याने पुसा, चिखल झाला तर त्याच दिवशी. दर दोन महिन्यांनी चेनवर पट्टी धरा: एका पिनच्या मध्यापासून मोजलेल्या २४ कड्या नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. १२ आणि एक-सोळांश झाल्या की चेन बदला. १२ आणि एक-अष्टमांश होईपर्यंत थांबलात तर कॅसेटही बदलावी लागेल.

आणि बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्या. सायकल उलटी केलीत की क्रँकच्या खाली, फ्रेमवर कोरलेला असतो. नुसतं "एक नग सायकल" असं बिल चोरीची तक्रार देताना किंवा वॉरंटीत कामाला येत नाही.