सल्ला हवा: प्रौढांच्या इंग्रजी वर्गात अमेरिकन व्यक्तिवाद कसा शिकवावा?

रानजाई:
मी न्यू जर्सीत आमच्या गावच्या ग्रंथालयात दर मंगळवारी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, स्वयंसेवक म्हणून. अकरा जण आहेत. ग्वाटेमाला, व्हिएतनाम, इजिप्त, शिवाय नातवंडं सांभाळायला आलेल्या आपल्याकडच्या दोन काकू. पुढचा धडा 'अमेरिकन मूल्यं'. पुस्तकात डोंगरमाथ्यावर एकटा उभा माणूस, खाली 'इंडिव्हिज्युअलिझम' आणि प्रश्न: तुमच्या देशात हे आहे का?

गेल्या वर्षी हेच पान घेतलं. दहा मिनिटांत निकाल लागला की हे लोक आईबापांना वृद्धाश्रमात टाकतात, आपण टाकत नाही. इजिप्तच्या बाई आणि काकू एकमेकींना टाळ्या देत होत्या. ते पुन्हा नको, आणि 'असं वागायला शिका' असा उपदेशही नको. ४५ मिनिटं हातात आहेत. कुणी शिकवलंय का?

खटपट्या:
ते पान सोडून द्या. मी ह्यूस्टनला नोकरी शोधणाऱ्यांना शिकवतो. मूल्य हा शब्दही न काढता थेट मुलाखत घ्या. मागच्या कामाबद्दल सांगा म्हटलं की दहातले आठ 'वुई' सुरू करतात. वुई फिनिश्ड, वुई रिपेअर्ड. समोरचा विचारतो, बरं, त्यात तुम्ही काय केलंत? गडी गप्प. एकट्याने श्रेय घेणं म्हणजे फुशारकी असं लहानपणापासून ऐकलेलं असतं, आणि समोरच्याला वाटतं की याने काहीच केलं नाही.
एकच काम दोनदा सांगायला लावा, एकदा 'वुई', एकदा 'आय'. मग विचारा, कुठे जीभ अडखळली? चर्चा आपोआप होते.

तिरफळ:
माझ्याकडून 'हेल्प युअरसेल्फ'. ओहायोत पहिल्यांदा कुणाकडे जेवायला गेले, यजमानीण एवढंच म्हणाली आणि गप्पांत रमली. मी बसले आग्रहाची वाट बघत. केक विचारला तेव्हा रीतीप्रमाणे 'नको नको' म्हटलं, तर तिने खरंच मानलं! घरी येऊन दहीभात खाल्ला. तेव्हा वाटलं, काय कंजूष बाई. तिच्या लेखी, माझ्या पोटाचं मला कळतं, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे माझ्या शब्दावर अविश्वास. आग्रहाची रीत तुमच्या वर्गात आणखी कुणाकुणाकडे आहे ते विचारा.
जोडीला 'इट्स अप टू यू' घ्या. 'सूट युअरसेल्फ' मात्र जपून, त्यात बहुतेक वेळा 'कर बाबा तुला हवं ते' असा वैताग असतो.

बखरवाला:
थोडा इतिहास. व्यक्तिवाद हा शब्द इंग्रजीत रुजला त्याला मोठा हातभार तोकव्हिल या फ्रेंच माणसाचा. १८३१ मध्ये तो अमेरिका फिरला, १८४० च्या खंडात त्याने यावर लिहिलं, आणि ते कौतुक नव्हतं. स्वार्थ वेगळा, हे वेगळं, असं तो सांगतो: माणूस शांतपणे समाजातून अंग काढून घेतो आणि आपलं कुटुंब व मित्र एवढ्यातच रमतो. आता गंमत बघा. या व्याख्येने आपला गोतावळा भला आणि आपण भले म्हणणाराही त्यात बसतो! काकूंना विचारा, भारतात सोसायटीच्या मीटिंगला किती जण यायचे?
उलट अमेरिकन माणूस जिथे तिथे मंडळं काढतो, हेही त्यानेच टिपलंय. आजही तिथले निम्म्याहून जास्त अग्निशामक जवान स्वयंसेवक आहेत. रानजाई, तुम्ही स्वतः दर मंगळवारी काय करता?
आणि व्यक्तिवादाचं नेहमीचं उदाहरण, तो एकटा कष्टाळू अमेरिकन शेतकरी? १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारने १६० एकर जमीन जवळपास फुकट दिली. ती आधी मूळ रहिवाशांची होती, हे पुस्तकात असेल असं वाटत नाही.

नवखा_पाहुणा:
हॉफस्टेड या डच संशोधकाने कुठल्या देशात व्यक्तिवाद किती याचे शंभरपैकी गुण काढलेत, ते आकडे दाखवा की. अमेरिका ९१, भारत ४८.

खटपट्या:
@नवखा_पाहुणा, नको. ते मुळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून काढलेले. काकू कधी आयबीएमात होत्या?

शिकवणीताई:
एक वादाचा विषय देते. १९७४ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे मुलगा कॉलेजात गेला की त्याच्या गुणपत्रिकेवर हक्क त्याचा. काही अपवाद आहेत, पण बाप फी भरतो म्हणून त्याला गुण बघायला मिळतीलच असं नाही. वर्गाचे दोन गट करा आणि बाजूला व्हा.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. काल झाला वर्ग. डोंगरावरचा माणूस उघडलाच नाही. हेल्प युअरसेल्फवर ग्वाटेमालाचे दोघं खो खो हसले, त्यांचंही तसंच झालं होतं म्हणे. मुलाखतीला वेळ कमी पडला, कारण शिकवणीताईंच्या विषयाने अर्धा तास खाल्ला. मला वाटलं होतं सगळे बापाच्या बाजूने जातील. इजिप्तच्या बाई मुलाच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि एक काकूही. म्हणाल्या, "माझे मार्क वडिलांनी बघितले नसते तर मी पुढे शिकले असते." दुसऱ्या काकू अजून रागावलेल्या आहेत, त्यांचा नातू यंदाच कॉलेजात गेलाय.

पुढच्या मंगळवारी 'वेळेचं मूल्य' आहे. चित्र: भलंमोठं घड्याळ. काही सुचतंय का?