मदत हवी आहे: ३६० मिमी रेडिएटरसाठी कोणते पंखे घ्यावेत?

नमस्कार.

माझ्या संगणकात रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर असून लिक्विड कूलरचा ३६० मिमीचा, २७ मिमी जाडीचा रेडिएटर केबिनेटच्या छताला बसवलेला आहे. सोबत आलेल्या तीन पंख्यांपैकी एकाच्या बेअरिंगमधून घरघर येऊ लागल्याने तिन्ही पंखे एकदमच बदलावेत असे ठरवले आहे.

मी नागपुरात राहतो आणि थ्रीडी रेंडरिंग बहुधा रात्रभर चालू ठेवतो. अशा वेळी प्रोसेसर २३० वॅटपर्यंत वीज घेतो आणि कूलंट (कूलरमध्ये फिरणारा द्रव) खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नसल्यामुळे उन्हाळ्यात पंख्यांवरच सारी भिस्त असते. (मे महिन्यात डेझर्ट कूलरच्या घोंघाटात पंख्यांच्या आवाजाची तक्रार करणे हास्यास्पद आहे, हे मान्य, प्रश्न उरलेल्या महिन्यांचा आहे.)

नॉक्चुआचा एनएफ-ए१२एक्स२५ आणि आर्क्टिकचा पी१२ हे दोन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. पहिल्याचा स्थिर दाब (अडथळ्यातून हवा ढकलण्याची ताकद, पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेली) २.३४ मिमी जलस्तंभ, तर दुसऱ्याचा २.२ मिमी असे कंपन्या सांगतात. मात्र हे आकडे अनुक्रमे मिनिटाला २,००० आणि १,८०० फेऱ्यांचे आहेत आणि मला पंखे १,२०० च्या वर न्यायचे नाहीत. दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, हे धरून हिशेब केला तेव्हा १,२०० फेऱ्यांना पहिल्याचा दाब सुमारे ०.८४ मिमी आणि दुसऱ्याचा सुमारे ०.९८ मिमी आला. म्हणजे कागदावर तरी स्वस्त असलेला आर्क्टिकचा पंखाच सरस ठरतो. शिवाय हा दाब हवा पूर्ण अडवलेली असतानाचा असतो, त्यामुळे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमधून प्रत्यक्षात किती हवा जाईल हे त्यावरून कळत नाही. माझा हिशेब कुठे चुकतो आहे का?

ज्यांनी यांपैकी कोणताही पंखा रेडिएटरवर वापरला आहे, त्यांनी १,००० ते १,२०० फेऱ्यांदरम्यान त्याचा आवाज नुसत्या वाऱ्यासारखा येतो की त्यात गुणगुण जाणवते, हे कृपया सांगावे, कारण डेसिबलच्या आकड्यापेक्षा एकसुरी गुणगुणच मला जास्त जागवते. तसेच पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाऐवजी कूलंटच्या तापमानाला जोडल्यास रेंडर सुरू होताच होणारी त्यांची अचानक धावपळ थांबते का, हेही जाणून घ्यायचे आहे. तिन्ही पंख्यांसाठी साधारण चार हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. महागडा पंखा खरोखरच तेवढा सरस असेल, तर थोडे थांबून पैसे साठवीन.