१६ नियम आणि एक ‘न’
एस्पेरांतो या कृत्रिम भाषेबद्दल ‘१६ नियम पाठ केले की एस्पेरांतो आली’ असे म्हणतात, ते मला अर्धेच पटते. तिचे निर्माते झामेनहोफ यांनी १८८७ साली मांडलेले व्याकरण सुटसुटीत आहे खरे, परंतु कर्माला लागणारा ‘न’ मराठी माणसाला हटकून चकवतो. कारण ‘मी पुस्तक वाचतो’ म्हणताना आपण पुस्तकाला प्रत्यय लावत नाही, तिथे मात्र ‘मी लेगास लिब्रोन’ असेच लिहावे लागते. माझा तो ‘न’ कित्येक महिने गळत असे आणि गप्पांमध्ये कोणीतरी तो सौजन्याने जोडून देई. एस्पेरांतोभाषकांच्या घोळक्यात आपल्या मातृभाषेत बोलू लागण्याला ‘क्रोकोदिली’ असे क्रियापद आहे (‘क्रोकोदिलो’ म्हणजे मगर; मराठीत ‘मगरणे’ म्हणावे काय?). सुरुवातीला मीही बरेच दिवस मगरच होतो.