वृद्धांसाठी गृहभेटी : कार्यकर्त्यांच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणात काय ठेवायचं, काय गाळायचं?

दहिवडी_नाका
माण तालुक्यातल्या बारा गावांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी महिन्यातून दोनदा भेट, असं काम सुरू होतंय. पोरं मुंबईला माथाडीत नाहीतर पुण्याकडं कंपनीत, घरी आई-बाप आणि दोन शेरडं, हे चित्र सगळ्यांना ठाऊक आहे. कार्यकर्ते चौदा. सहा जण नुकतेच एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेले, बाकी बचत गटातल्या बायका. सध्याचा आराखडा असा : पहिला दिवस वार्धक्याचे सिद्धांत, दुसरा योजना, तिसरा कायदा, चौथा आरोग्य, पाचवा गृहभेट. काय बदलावं? आणि तपासणीच्या प्रश्नावल्या यांच्या हातात द्याव्यात का?

कृष्णाकाठ
आराखडा उलटा करा. गृहभेट पहिल्याच दिवशी दुपारी, जोड्या लावून. सिद्धांताचा दिवस सरळ कापा; चौथ्या दिवशी कुणीतरी "असं का होतं?" विचारतंच, तेव्हा अर्धा तास पुरतो.

भेटीत चार गोष्टी हटकून चुकतात, त्यांचाच सराव घ्या.

पहिली, हाक. बासष्टीचा गडी अजून पाळीच्या पाण्याला रात्री उठून जातो, त्याला "आजोबा" म्हटलं की तो गप्प होतो. गावात त्याला आबा, तात्या, नाना जे म्हणतात ते शेजारी विचारून घ्यायचं.

दुसरी, एकांत. सून किंवा मुलगा शेजारी बसला की उत्तरं तोच देतो, आणि कार्यकर्ता नकळत त्याच्याकडं बघून बोलायला लागतो. जोडीतल्या एकानं घरच्यांना घेऊन ओसरीवर रेशनकार्ड, आधार बघत बसायचं, दुसऱ्यानं आत दहा मिनिटं काढायची. जेवण, पैसा आणि मारहाण हे तीन विषय त्या दहा मिनिटांतच निघतात, एरवी नाही.

तिसरी, कान. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला "विसरभोळा" ठरवून टाकतात. ओरडलं की आवाज चिरका होतो आणि आणखीच कळत नाही. समोर, दोन-तीन फुटांवर, आपल्या तोंडावर उजेड पडेल असं बसायचं. आवाज खालच्या पट्टीत, वाक्य लहान. दाराकडं पाठ करून बसलात तर तुमचं तोंड अंधारात जातं आणि त्यांना ओठ दिसत नाहीत.

चौथी, गोळ्यांची पिशवी. "कुठली औषधं घेता?" हा प्रश्न वाया जातो. "पिशवी दाखवा" म्हणायचं. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावानं दिलेली एकच रक्तदाबाची गोळी, मुदत संपलेल्या पट्ट्या, शेजारणीनं दिलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या, सगळं त्यात निघतं. कार्यकर्त्यानं गोळी बंद करायची नाही, सुरूही करायची नाही. पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम आणि कधी घेतात एवढं कागदावर उतरवून तो कागद डॉक्टरांपर्यंत पोचवायचा. मूळ नाव वाचायला शिकवायला एक तास लागतो, तो द्याच.

मिरज_फिजिओ
पडण्याचा धोका ओळखायला एकच चाचणी शिकवा, पण नीट. हात टेकायची खुर्ची, तीन मीटर मोजलेली सुतळी, मोबाइलचं घड्याळ. उठायचं, नेहमीच्या चालीनं तीन मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. रोजची चप्पल पायात, रोजची काठी हातात. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका धरायचा.

चुका कुठं होतात : "उठा" म्हटल्यावर नव्हे, माणूस उभा राहिल्यावर घड्याळ सुरू करतात. चालताना गप्पा मारतात. प्लॅस्टिकची खुर्ची सारवलेल्या भुईवर मागं सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवा. कार्यकर्त्यानं पुढं चालू नये, बाजूला अर्धं पाऊल मागं राहावं.

आकड्यापेक्षा वळण बघा. वळताना सहा-सात बारीक पावलं टाकली, भिंत धरली, तर सेकंद कितीही येवोत, नोंद करा. मग घर बघा : न्हाणीतलं शेवाळ, उंबरा, रात्री परसात जायची वाट, खाटेपासून दिव्याच्या बटणापर्यंतचं अंतर. उठल्यावर घेरी येत असेल तर पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घ्या, मग उभं राहिल्यावर एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरांना कळवा. हे नर्सताईंकडून करून घेतलेलं बरं.

दहिवडी_नाका
आभार. उदासीनतेसाठी पंधरा प्रश्नांची जीडीएस (म्हातारपणातलं नैराश्य हेरायची प्रश्नावली) वापरायचा विचार आहे. मराठी तर्जुमा मिळालाय. चालेल?

कृष्णाकाठ
चालेल, पण गुण द्यायला शिकवल्याशिवाय नको. पंधराही प्रश्न हो-नाहीचे आणि गेल्या आठवड्यापुरते. गोम अशी की १, ५, ७, ११ आणि १३ या प्रश्नांना "नाही" आलं तर गुण, बाकीच्या दहांना "हो" आलं तर गुण. नवखे सरसकट "हो" मोजतात, मग आनंदी म्हातारीला पाच गुण फुकट मिळतात. कागदावर गुणाच्या उत्तराभोवती आधीच गोल छापून घ्या. पाचाच्या वर गेलं तर पुढं पाठवायचं. हे निदान नाही, एवढं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

तर्जुमा मात्र मोठ्यानं वाचून बघा. "आपणांस जीवन रिक्त वाटते का?" हे माणदेशात कुणाला कळणार? "सगळं सुनं सुनं वाटतं का?" विचारलं की कळतं. शब्द बदला, अर्थ बदलू नका, आणि चौदाही जणांनी एकाच शब्दांत विचारा.

स्मरणाच्या चाचण्यांबाबत सावध. एमएमएसई या नेहमीच्या चाचणीत वाक्य लिहा, आकृती काढा, असलं काही असतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचे गुण तिथंच जातात. निरक्षरांसाठी एचएमएसई म्हणून भारतात बेतलेली चाचणी आहे, तीही प्रशिक्षित माणसाकडूनच. कार्यकर्त्यानं घरच्यांना एकच विचारावं : हे हळूहळू झालं की दोन-चार दिवसांत? चार दिवसांत माणूस बरळायला लागला, कधी शुद्धीत कधी नाही, तर तो विसरभोळेपणा नव्हे. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, नवी गोळी, काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना.

"जगणं नको झालंय" असं कुणी म्हटलं तर विषय बदलायचा नाही. "जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का?" असं सरळ विचारायचं, विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. हो म्हटलं तर एकटं सोडायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी बाहेर काढायचं, १४४१६ (टेली-मानस) लावायचा.

कागदवाले_तात्या
कायद्याला अख्खा दिवस नको, अर्धा पुरे. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह कायदा. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं. स्वतःला जमत नसेल तर अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. निर्वाह महिना कमाल १०,००० रुपये. मूलबाळ नसलेल्याला जो नातेवाईक वारस म्हणून मालमत्ता घेणार किंवा जो ती वापरतोय, त्याच्याकडं मागता येतं. पुतण्यांच्या भानगडीत हे कलम कामाला येतं आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही.

वेळ द्या तो कलम २३ ला. जमीन पोराच्या नावावर करून दिली आणि पोरगं बघेना, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. देणाऱ्याला सांभाळायचं या अटीवर बक्षीसपत्र झालं असेल आणि सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं. २०२५ च्या निकालात न्यायालयानं ज्येष्ठांच्या बाजूनं उदार अर्थ लावला. म्हणून कार्यकर्त्यानं भांडणात न पडता आधी दस्त मागायचा आणि त्यात "सांभाळ" हा शब्द कुठं आहे ते बघायचं. अजून दस्त व्हायचा असेल तर ती ओळ घालूनच घ्या म्हणावं.

योजनांची जंत्री पाठ करून घेऊ नका, आकडे बदलतात. श्रावणबाळ (गरीब ज्येष्ठांना महिन्याला पैसे देणारी राज्याची योजना) ६५ पूर्ण झाल्यावर, अर्ज तहसीलला, एवढं पक्कं असू द्या. मदतीचा फोन १४५६७.

मिरज_फिजिओ
तात्या, एक भर. योजनेचा महिन्याचा पगार मंजूर असूनही हातात पडत नाही, त्यात बोटांचे ठसे न जुळणं हे मोठं कारण. जन्मभर खुरपं धरलेल्या बोटांवर रेषाच राहत नाहीत. हात कोमट पाण्यानं धुऊन, पुसून दुसरं बोट लावून बघायचं.

कागदवाले_तात्या
बरोबर. तरी नाही झालं तर डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय कुठं आहे ते विचारायचं. आणि आधारवर जन्मतारीख १ जानेवारी दिसली की थांबा, ती बहुतेक वेळा अंदाजे टाकलेली असते. शाळेचा दाखला किंवा जुनी मतदार यादी शोधायला लावा. नाहीतर सत्तरीची बाई कागदावर साठीची निघते आणि अर्ज तिथंच परत येतो.