'ओनियन उत्तप्पा' की 'अनियन उत्तप्पा'?

गोदाकाठ
रविवारी कॉलेज रोडला नाश्त्याला गेलो होतो. फळ्यावर खडूने लिहिलेलं, 'ओनियन उत्तप्पा'. आठवीतली लेक म्हणाली, "बाबा, चुकलंय, अनियन पाहिजे." मी म्हटलं, अगं, स्पेलिंग ओ पासून सुरू होतं. तर म्हणे, "मंकीतही ओच आहे, मग मोंकी म्हणायचं का?" उत्तप्पा येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन शब्दकोश उघडला तर लेकच बरोबर.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: परका शब्द कानाने घ्यावा, डोळ्याने नाही. लंडन, कंपनी, गव्हर्नर, डझन या सगळ्यांच्या स्पेलिंगात तिथे ओ आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकून घेतले म्हणून नीट आले. आपण पुस्तकातून उचलतो आणि 'ओनियन' करून ठेवतो. निदान नाशकात तरी कांद्याचं नाव चुकू नये!

मेनरोडकर
दादा, तुमच्या घरात केक कशात भाजतात? 'ओव्हन'मध्येच ना? इंग्रज त्याला 'अव्हन' म्हणतो. उद्यापासून तुम्हीही म्हणा, बघू वहिनी काय म्हणतात ते. शब्द एकदा आपल्याकडे नांदायला आला की माहेरचे नियम संपले. लॉर्डचा आपण लाट केला, लाटसाहेबाने कधी तक्रार केल्याचं ऐकलं नाही. उगाच नाकाने कांदे सोलू नका.

गोदाकाठ
धागा टाकल्यापासून हा वाक्प्रचार कोण आधी वापरतो याचीच वाट बघत होतो. ओव्हनचा मुद्दा मान्य, पण एक चूक रुळली म्हणून दुसरी करायची का?

खडू आणि डस्टर
तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून राहवत नाही. हा ओ तिथे आला कसा ते सांगते. मध्ययुगात इंग्रज लेखनिक जाड बोरूने लिहायचे. त्या वळणात आय, यू, एन, एम ही अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या छोट्या काड्या. यू आणि एन शेजारी आले की चार काड्या सलग, त्यात आय घुसला की पाच. कुठलं अक्षर कुठे संपलं ते कळेना. म्हणून अशा गर्दीत यू ऐवजी गोल ओ लिहायची पद्धत पडली. उच्चार मात्र जुनाच राहिला. मुलगा या अर्थाचा 'सन' हा अस्सल इंग्रजी शब्द, जुन्या लेखनात त्यात चक्क यू आहे. आज तो ओ घालून लिहितात आणि म्हणतात 'सन'च.

हसू नका, आपल्याकडेही हेच झालं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत, वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. आणि जुन्या वळणाचा सुटा ख वाचताना 'खाना'चा 'रवाना' व्हायचा, म्हणून पुढे ख चे दोन तुकडे खाली जोडून टाकले. इंग्रजांनी अक्षर न जोडता बदलून टाकलं, एवढाच फरक.

हट्टी पंचवटीकर
बाई, गोष्ट झकास आहे, 'सन'ला लागूही पडते. पण कांद्याला ती अर्धीच लागते. हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला आणि फ्रेंचमध्ये ओ आधीपासूनच होता. उलट फ्रेंच स्पेलिंगात ओ नंतर आणखी एक आय आहे, जो कुणी उच्चारत नाही. १९९० मध्ये तिथे लेखनसुधारणा झाली, तो आय गाळला तरी चालेल असं ठरलं. २०१६ मध्ये पाठ्यपुस्तकांत नवं लेखन येणार म्हटल्यावर लोक खवळले, आमच्या कांद्याला हात लावू नका म्हणून. तेव्हा गोदाकाठ, तुमचं भांडण पॅरिसलाही चालू आहे.

खडू आणि डस्टर
मान्य. फ्रेंच ओ आयता मिळाला आणि इंग्रज लेखनिकांच्या सवयीने तो टिकला, असं म्हणते. पूर्ण माघार घेणार नाही.

एकीचे बळ
स्पेलिंग राहू द्या, अर्थ बघा. 'अनियन' आणि 'युनियन' दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आलेत, 'उनिओ'. मुळात 'उनुस' म्हणजे एक. पाकळीवर पाकळी चिकटून कांदा एकजीव होतो म्हणून त्याला ते नाव. आपल्याकडे मात्र कांदा उत्पादकांची एकी भाव पडल्यावरच दिसते!

चाळीतला माणूस
भाऊ, पाकळ्या चिकटून एकजीव हे काही पटत नाही. कोबीला पण पानं चिकटलेली असतात. निफाड तालुक्यात आमची तिसरी पिढी कांद्यात आहे. आमच्याकडे 'एक' म्हटलं तर अर्थ एकच: जोड नसलेला. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, भरताना जोडकांदा आणि डेंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला) कांदा आधी बाजूला काढावा लागतो. तो टिकत नाही, आणि सडताना शेजारच्यालाही घेऊन जातो. लासलगावला लिलावात व्यापारी ट्रॉलीत हात घालतो तेव्हा आधी हेच बघतो.

खडू आणि डस्टर
काका, तुम्ही नकळत लॅटिन सांगितलंत! पहिल्या शतकात कोलुमेला नावाचा रोमन शेतीलेखक होऊन गेला. कांदा टिकवायची कृती देताना तो म्हणतो, साधा कांदा निवडा, ज्याला खेड्यातले लोक 'उनिओ' म्हणतात. आणि तो कोणता? ज्याला फुटवे आलेले नाहीत आणि अंगाला पिल्लं चिकटलेली नाहीत. म्हणजे तुमचा चाळीत भरायचाच कांदा.

पंडितांच्या लॅटिनमध्ये कांद्याला वेगळा शब्द होता, 'केपा'. इटालियन आणि स्पॅनिश भाषांनी तो धरून ठेवला. फ्रेंच आणि इंग्रजांकडे मात्र शेतकऱ्यांचा शब्द पोचला. त्या काळी 'उनिओ' मोठ्या मोत्यालाही म्हणत. रोमन लेखक प्लिनीचं म्हणणं, दोन मोती कधी सारखे सापडत नाहीत म्हणून.

चाळीतला माणूस
मग तो कोलुमेला शेती केलेलाच असणार. घरात बसून लिहिणाऱ्याला जोडकांदा सुचत नाही. मोत्याचं राहू द्या बाई, मोत्याच्या भावाने विकला असता तर इथे टाइमपास करत बसलो असतो का.

एकीचे बळ
पाकळ्यांचं स्पष्टीकरण मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय, म्हणून लिहिलं. पण काकांच्या हाताखालून जास्त कांदा गेलाय, मी गप्प.

भगूरची
सगळे ओ आणि अ वर भांडताय, पण तिथे 'कांदा' का नाही लिहिलं हे कुणीच विचारत नाही! आमच्या गावात जन्मलेल्या सावरकरांनी दिनांक, महापौर असे शब्द घडवले. इथे तर घडवायचीही गरज नाही, संस्कृत कंदापासून आलेला शब्द घरात पडलाय. देवनागरीत लिहिलं की इंग्रजी शब्द मराठी होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आषाढात 'ओनियन नवमी' करावी.

मेनरोडकर
ताई, त्याच फळ्यावर खाली 'कांदा भजी' आणि 'कांदे पोहे' लिहिलेलं असतं, पैज लावतो. 'ओनियन भजी' आख्ख्या नाशकात कुणी लिहीत नाही. पदार्थ आपला तर शब्द आपला. उत्तप्पा दक्षिणेकडून हॉटेलवाल्यांबरोबर आला, येताना त्यांचं मेनूकार्डावरचं इंग्रजीही घेऊन आला. त्यात न्यूनगंड वगैरे काही नाही.

भगूरची
पदार्थाबरोबर शब्द येतो तर मग 'टोमॅटो ऑम्लेट'मध्ये कांदा घालतात त्याला काय म्हणायचं? पटलं नाही. आमच्या घरी कांदा उत्तप्पाच म्हणतात आणि तो फुगतोही.

हट्टी पंचवटीकर
'ऑनियन' लिहिणारे अजून धाग्यावर कसे आले नाहीत? गंगापूर रोडला तीही एक पाटी आहे.

गोदाकाठ
आज मुद्दाम पुन्हा गेलो. मेनरोडकर पैज जिंकले, खाली खरंच 'कांदा भजी' आहे. मालकांना म्हटलं, 'अनियन' करा, नाहीतर सरळ 'कांदा' करा. ते म्हणाले, "साहेब, कांदा लिहिलं तर लोक विचारतात, एवढ्याशा कांद्याचे वीस रुपये जास्त कसे? ओनियनचे कुणी विचारत नाही." लेकीने तेवढ्यात गल्ल्यावरचा खडू उचलून ओ चा अ केला होता. त्यांनी ते बघितलं आणि तसंच राहू दिलं. वीस रुपये मात्र लावलेच.