मदत हवी आहे : डिलीट करूनही थंडरबर्डची इनबॉक्स फाईल कमी होईना

मंडळी, लातूरला आमच्या आडतीच्या दुकानातल्या पीसीवर थंडरबर्ड (मेलचा प्रोग्राम) आहे, पॉप अकाउंट, म्हणजे मेल सर्व्हरवरून पीसीवर उतरवून घेणारं, अन् आमच्या सेटिंगात सर्व्हरवर काहीच राहत नाही, जे आहे ते ह्याच डिस्कवर. सोयाबीनच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या), जीएसटीची बिलं, गाडीवाल्यांनी पाठवलेले फोटो असलं साचून साचून इनबॉक्सची एकच फाईल ११ जीबी झालीय. जुने मेल लई डिलीट केले, ट्रॅश पण रिकामा केला, तरी साईज तेवढीच दाखवायलंय. डिलीट केल्यावर नुसती खूण पडते अन् जागा मोकळी होते ती कॉम्पॅक्ट (खूण पडलेले मेल फाईलीतून खरोखर काढणं) केल्यावरच, एवढं माहितीय. पण कॉम्पॅक्ट आधी बाजूला नवी फाईल लिहितंय, मग जुनी काढतंय, आणि सी ड्राईव्हवर उरलेत जेमतेम २ जीबी. पेनड्राईव्ह फॅट३२ चा, त्यात ४ जीबीच्या वरची फाईल बसतच नाही.

तर अख्खं प्रोफाईल (थंडरबर्डचं मेल अन् सेटिंगचं फोल्डर) बाहेरच्या हार्डडिस्कवर नेऊन तिथंच कॉम्पॅक्ट करून परत आणलं तर चालतंय का? का आधी वर्षवार फोल्डर पाडू? पण त्यात तर जागा अजूनच जाणार ना, जुन्या फाईलीतले मेल कॉम्पॅक्ट होईस्तोवर तिथंच राहतेत. आणि मधीच लाईट गेली तर? इथं लाईटचा काही भरवसा नाही बगा, यूपीएसची बॅटरी पण गेलेली आहे.